हानच्या आईसाठी तांबोशी

अबकैकच्या कॅम्पातून आम्ही निघालो तेव्हा ऊन अजून अंगावर आलं नव्हतं. पिकअपमध्ये काय काय घेतलं ते बाबांनी दोनदा तपासलं: पाण्याचे कॅन, चहाचा थर्मास, खजुराचा खोका, जादा टायर. बर्फात ठेवलेला स्टीलचा मोठा डबा त्यांनी माझ्या मांडीवर दिला आणि म्हणाले, "सांडू नको. तांबोशी आहे."

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो. प्राध्यापकांचा संप लांबला होता आणि बाबांच्या कफीलाने (ज्याच्या जामिनावर परदेशी कामगाराला तिथे राहता येतं तो मालक) ओळख लावून मला भेटीचा व्हिसा मिळवून दिला होता. सौदीत तेलाच्या भरभराटीची वर्षं होती. रस्त्याच्या एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला पाइपांच्या रांगा, आणि क्षितिजावर गॅस जळत असलेल्या उंच चिमण्या. बाबा तिथे वेल्डर होते. दोन वर्षांनी एकदा सुटीवर घरी येणारा माणूस, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही दोघे मिळून कुठे तरी पाहुणे म्हणून निघालो होतो.

यजमान होता हान. हाही वेल्डर, पण कोरियन. एका मोठ्या दुरुस्तीच्या कामावर तो आणि बाबा महिनोन्‌महिने शेजारी शेजारी उभे राहिले होते. त्या शुक्रवारी त्यांचा चुसोक होता. आपल्या भाद्रपदी पौर्णिमेलाच हा सण येतो. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांना जेवण मांडतात. हानची आई त्याच वर्षी गेली होती. तो एकुलता एक, आणि करारामुळे त्याला जाता आलं नव्हतं. आईचं हे पहिलं पान त्याला इथेच मांडायचं होतं. बाबा दर गुरुवारी दम्मामच्या बाजारात जातात हे ठाऊक असल्यामुळे त्याने त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली होती: आईसाठी मोठा, चांगला मासा.

कोरियन कॅम्पच्या फाटकात शिरताच पहिली नजरेत भरली ती शिस्त. पांढऱ्या बराकी एका ओळीत, दारांबाहेर चपला जोडीने लावलेल्या. स्वयंपाकघरामागे मातीच्या रांजणांत किमची (तिखट मीठ लावून मुरवलेला कोबी) ठेवलेली होती. तिचा आंबूस वास थेट आमच्या आजूबाजूच्या घरांतल्या लोणच्याच्या बरण्यांसारखा. पोरगेलेसे कामगार तांदळाच्या उकडीच्या छोट्या करंज्या वळत होते. सोंगप्यन म्हणतात त्यांना. आत तिळाचं सारण. मला एक दिली. गूळ कमी, एवढंच काय ते वेगळं.

हान बुटका, रुंद खांद्यांचा, हसरा माणूस. बाबांना पाहताच धावत आला. "राणे! फिश?"

"फिश नंबर वन," बाबा म्हणाले आणि त्यांनी ऐटीत डब्याचं झाकण उघडलं.

आत तांबोशीच्या जाड, एकसारख्या तुकड्या होत्या. हळद, मीठ, कोकमाचं आगळ आणि आमचा लालभडक मालवणी मसाला लावलेल्या. बाबांनी गुरुवारी संध्याकाळभर बसून हे काम केलं होतं. ज्याच्या घरी दुःख झालंय त्याला अख्खा मासा देऊन साफ करायला लावायचं, हे त्यांना बरं दिसलं नव्हतं. नुसता तव्यावर टाकला की झालं, इतकी तयारी करून आणली होती.

हानचं हसू गेलं. त्याने डब्यात पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा डब्यात पाहिलं.

"राणे, हेड?"

"हेड इन कॅम्प. गफूर कुकिंग."

"टेल?"

"टेल ऑल्सो गफूर."

हानने कपाळाला हात लावला. मग आम्हाला हॉलमध्ये नेलं. तिथे लांब टेबल मांडलेलं होतं. सगळ्या कॅम्पचा एकत्र विधी झाला होता आणि आता ज्यांच्या घरी यंदा कुणी गेलं होतं ते आपापलं पान मांडत होते. हानचा नंबर शेवटचा. त्याने हाताने जागा दाखवल्या. इकडे भात. इकडे सफरचंदं, तांबडी फळं पूर्वेला. त्यांची सुकी बोरं मिळाली नव्हती म्हणून सौदी खजूर. मध्ये मोकळी जागा. मासा अख्खा हवा, डोकं पूर्वेला, शेपटी पश्चिमेला.

"नो हेड, नॉट फिश," तो म्हणाला. मग मसाल्याकडे बोट दाखवून, "रेड चिली, नो. रेड चिली, मदर नो कम."

बाबांना कळायला वेळ लागला नाही. आपल्याकडेही हा प्रकार होताच. आमच्या घरी पितरांच्या पानातला एक पदार्थ जरी चुकला तरी आजी सगळ्यांना धारेवर धरायची.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं. हानने खिडकीबाहेरच्या सूर्याकडे बोट केलं. दुपारच्या नमाजापूर्वी हॉल रिकामा करायचा होता. मुकादमाने तशी ताकीद दिली होती.

"यल्ला," बाबा मला म्हणाले. "चल."

परतीच्या वाटेवर बाबांनी पिकअप इतकी पळवली की जादा टायर मागे गडगडत राहिलं. आमच्या बराकीत गफूरचाचा खोबरं वाटत बसले होते. दापोलीकडचे. कॅम्पातल्या आठ माणसांचा स्वयंपाक हौसेने करायचे. शेजारी थाळीत तांबोशीचं डोकं आणि शेपटी, मीठ लावून ठेवलेली.

"डोकं दे," बाबा म्हणाले.

"कुणाचं?"

"तांबोशीचं, दुसऱ्या कुणाचं! शेपटी पण."

"वा रे राणे! वाटण तयार केलंय मी. मासा दिलास तो दिलास, आता डोकं पण त्या कोरियन्याला? आम्ही काय पाणी पिऊन झोपायचं?"

"त्याची आई यायचीय."

"कुठून?"

बाबांनी नुसतं वर पाहिलं.

गफूरचाचांनी वाटण बाजूला सारलं. हात धुतले, डोकं आणि शेपटी नळाखाली नीट धुतली, फॉइलमध्ये गुंडाळली. "कल्ले काढलेत मी," ते अपराध्यासारखे म्हणाले. "त्याला सांग, आधी ठाऊक असतं तर हात लावला नसता. जा लवकर. आम्ही डाळ खाऊ."

आम्ही परत पोचेपर्यंत हानने प्रत्येक तुकडी पाण्याखाली धरून धरून धुतली होती. मसाला गेला, हळद गेली नाही. तुकड्या पिवळ्या त्या पिवळ्याच. कॅम्पचा म्हातारा आचारी बाह्या सरसावून उभा होता. त्याने सगळं एकत्र वाफवलं आणि मोठ्या ताटात मासा परत जुळवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. बाबा त्याला तुकड्या क्रमाने देत होते. त्यांनीच त्या कापल्या होत्या, त्यामुळे कुठली कुठे बसते हे त्यांनाच माहीत. मग आचाऱ्याने अंड्याच्या पातळ पिवळ्या पोळीच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि सांध्यांवर ओळीने पसरल्या. हळद कुठली आणि अंडं कुठलं, सांगता येईना. तांबोशी अख्खी झाली.

हॉलमध्ये आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो. हानने पेल्यात दारूऐवजी थंड चहा ओतला, भातात चमचा उभा रोवला, गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवलं. दोनदा. मग सगळ्यांना बाहेर काढून, स्वतःही बाहेर येऊन त्याने दार लोटून घेतलं. आई जेवत असते तेव्हा बघत राहायचं नसतं. आम्ही उन्हात चुळबुळत उभे. काही वेळाने हान दाराशी जाऊन मोठ्याने खाकरला, मी आत येतोय हे कळावं म्हणून, आणि मग आत गेला.

विधीनंतर तेच अन्न सगळ्यांनी वाटून खायचं. हानने पहिला घास माशाचा घेतला आणि थांबला. मसाल्याचा तिखटपणा कुठे तरी आत उरलाच होता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

हानने तोंडापुढे हात हलवला. "हॉट!" मग तो हसायला लागला, डोळे भरून येईपर्यंत हसला. "ओके, राणे. ओके. मदर किमची, व्हिलेज नंबर वन हॉट! मदर लाइक."

"लाइक?"

"लाइक, लाइक. मदर ईट ऑल."

ताटातली तांबोशी तर अजून जवळजवळ तशीच होती, पण बाबांनी जोरजोरात मान डोलावली.

नमाजानंतरची दुपार मजेत गेली. दोन बराकींच्या मधे वाळूची जागा आखून कुस्त्या झाल्या. मांडीला आणि कमरेला कापडाचा पट्टा बांधून एकमेकांचा पट्टा धरायचा आणि उचलून टाकायचं. बाबांनाही उभं केलं. हानने त्यांना इतक्या अलगद खाली ठेवलं की सगळे ओरडले, "कोरिया, नो फाइट! कोरिया, नर्स!" एकाने माऊथ ऑर्गनवर गावाकडची गाणी वाजवली. शब्द एकही कळला नाही, पण मधेच गाणं सोडून उठून गेलेली दोन माणसं दिसली. कुणी त्यांना हाक मारली नाही.

परतताना उजव्या हाताला चंद्र उगवत होता. बाबा हळू चालवत होते. आजी गेली त्या वर्षी बाबा इथेच होते. तार पोचली तोवर सगळं आटपलं होतं. आजी माझ्यासमोर गेली, बाबांच्या मागे.

"हानच्या आईला काय आवडायचं, त्याला पाठ आहे," ते म्हणाले. "माझ्या आईला काय आवडायचं रे?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"घावणे. आणि सुक्या बांगड्याची किसमूर."

"बाबा, ते तुम्हाला आवडायचं. तुम्ही येणार म्हटलं की करायची."

त्यांनी गाडीचा वेग आणखी कमी केला. "मग तिला?"

आजीसोबत मी सगळं लहानपण काढलं होतं. मी आठवू लागलो. ती काय वाढायची ते आठवलं, ती काय खायची ते नाही. ती शेवटी जेवायला बसायची आणि तोवर मी खेळायला गेलेलो असायचो.

संप मिटला, मी घरी परतलो. बॅग रिकामी करायच्याही आधी आईला विचारलं, तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?

"मला काय, काहीही चालतं," ती म्हणाली. "तू काय खाणार ते सांग."

मी सोडलं नाही. रोज विचारायचो. ती वैतागली, हसली, वैद्याने काही सांगितलंय का म्हणाली. एका संध्याकाळी भांडी घासता घासता मागे न वळता तिने सांगितलं: कच्च्या फणसाची भाजी, पण तिच्या माहेरची, खोबरं न घातलेली. आमच्या घरी ती तशी कधी झालीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फणस आणला. बाबांना पत्रात पहिलं तेच कळवलं.