तीन समुद्रांचा डोंगर आणि आबांचे गुडघे

चेकियाला जाणारे प्राग बघतात. आम्ही प्राग टाळून गेलो, कारण माझे वडील, म्हणजे आबा. साताऱ्याला शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे डच मुलखात, बुइटनव्हेल्डर्टला आले आणि पहिल्याच आठवड्यात वैतागले, "हा कसला देश? एक चढ नाही!" त्यांना चेकियाच्या सीमेवरचा क्लेपाच डोंगर बघायचा होता. त्याच्या माथ्यावरचं पाणी तीन वाटांनी तीन समुद्रांना जातं. हे त्यांनी फळ्यावर कितीदा काढलं होतं, आता नातीला प्रत्यक्ष दाखवायचं होतं. माझ्या रेवाला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये येतं. "एक वाक्य बोलत नाही गं माझ्याशी," हे आबांचं खरं दुखणं. त्यांच्या परतीच्या विमानाची तारीख जवळ आली होती, म्हणून निघालो.

नवऱ्याला ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं. ते नेहमीच निघतं. जर्मनीभर गाडी मी एकटीने हाकली आणि आबा शेजारी बसून गूगलच्या चुका काढत होते. "एल्ब नदी डावीकडे हवी." "आबा, मला वळू द्या." ड्रेस्डेनला मुक्काम केला. तुम्ही जाणार असाल तर चेकियाचा महामार्ग पास आधीच ऑनलाइन काढा. सीमेवर कोणी अडवत नाही, पण कॅमेरे बघत असतात.

डोंगराजवळच्या क्रालिकी गावात उतरलो. शाकाहाऱ्यांसाठी लसणाचं सूप आणि तळलेलं चीज, दोन्ही वेळा तेच. आबांनी सरळ डब्यातल्या दशम्या काढल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खाणावळीच्या मालकीणबाईंनी निमूट रिकाम्या ताटल्या आणून दिल्या.

गावाभोवती शेतांत काँक्रीटचे जाडजूड बंकर आहेत. तिथे आबांचा तास सुरू झाला. "हिटलर येणार म्हणून यांनी हे बांधले. पण म्युनिकला बड्या देशांनी बसून हा मुलूख त्यालाच देऊन टाकला. चेकांना बैठकीत बसूही दिलं नाही." मी सवयीने इंग्रजीत सांगायला लागले.

"आई, स्टॉप. आय अंडरस्टँड हिम," रेवा म्हणाली. मग आबांकडे वळून, "सो दे नेव्हर फॉट?"

"नाही गं. न लढताच सोडून जावं लागलं."

दुसऱ्या दिवशी डोंगर. अर्ध्या वाटेत आबांचे गुडघे बोलायला लागले. मी भडकले, "आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर आणलं असतंस?"

नसतं आणलं. ते ओंडक्यावर बसले आणि आम्हा दोघींना वर पाठवलं. वर धुकं, काही म्हणजे काही दिसेना. एवढी गाडी हाणली ती धुक्यासाठी! रेवा मात्र पाणी कुठल्या बाजूला उतरतं ते बघत तिथून हलेना. खाली येऊन तिने आबांना सगळं सांगितलं, इंग्रजीतच. आबा "बरं" म्हणाले आणि गाडीत नकाशा उघडलाच नाही. त्यांनी चुका काढलेल्या परवडल्या असत्या.

घरी आल्यावर, आबा निघायच्या आदल्या दिवशी, रेवाने समुद्रावर जायचा हट्ट धरला. झांदफोर्टला तोंडावर वाळू मारणारा वारा होता आणि मी पार्किंगच्या यंत्राशी झगडत होते. मागून तिचा आवाज आला, अडखळत, पण मराठीत.

"आबा, त्या डोंगराचं पाणी इथे येतं."

"तसं ते एल्बमधून वर, हॅम्बर्गच्या पुढे समुद्राला मिळतं," आबा म्हणाले. शिक्षकच ते. "पण समुद्र तुमचाच."

"आपला," रेवा म्हणाली.