जाळी कापणारा गुरुबसप्पा

...तर गुरुबसप्पानं कटर बाहेर काढला, इथवर काल आलो होतो आणि चहा आडवा आला. लग्न मोहोळचं, माझ्या पुतण्याचं. सकाळपासून स्पीकरमधून गांधीलमाशांचं पोळं उठल्यागत 'हूंऽऽ' चाललेलं. गुरुबसप्पानं वायरीचं टोक उघडलं, आतली अर्थिंगची जाळी एका बाजूनं कापली, टोक बंद केलं. हूं गेलं! नवरदेवाच्या आधी ह्या गड्याच्या गळ्यात हार पडला.

बस, तेवढीच विद्या. त्या एका कापाकापीवर हा माणूस तीस वर्षं सोलापुरात 'साउंडवाले अप्पा' म्हणून मिरवला. मूळचा अक्कलकोटकडचा, शाळा चौथीपर्यंत. मी तरी कुठं मोठा, गावच्या शाळेतली सातवी. पण मला काय येत नाही, एवढं तरी मला येतं. ह्याला विचारा, आवाज फाटतोय? जाळी काप. माइक मेला? जाळी काप. एकदा घरचा चटणीचा मिक्सर गुरगुरायला लागला, तर तिथंही कटर घेऊन बसला. त्याच्या बायकोनं, शकुंतलावहिनींनी, लाटणं उगारलं म्हणून मिक्सर वाचला.

लेक चेतना मात्र खरोखर शिकली. दोन वर्षं पुण्याला ध्वनीचंच शिक्षण घेतलं आणि आवाजाचा डिजिटल मिक्सर घेऊन परतली. पहिलंच स्वतंत्र काम मिळालं ते आमच्या जुळे सोलापुरातल्या सभागृहात, एकांकिका स्पर्धेचं. नीट पार पडलं तर वर्षभराचे सगळे कार्यक्रम तिचे. नाहीतर आहेच, अप्पाच्या मागं वायरी गुंडाळत फिरायचं.

आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तर पोरगी चार नव्या वायरींना डाख देऊन टोकं जोडत बसलेली. म्हटलं, मलाही कळू दे की. म्हणाली, "आजोबा, आत दोन तारा. दोन्हींतून तोच आवाज जातो, एकीतून सुलटा, एकीतून उलटा. वाटेत खरखर घुसली तर ती दोघींवर सारखीच पडते. पलीकडचं यंत्र एकीतून दुसरी वजा करतं. खरखर गेली, आवाज राहिला."

वजाबाकी! मला लगेच पटलं.

"आणि भोवतीची ही जाळी?"

"ती पहारेकरी. दोन्ही टोकांना जोडलेली पाहिजे."

गुरुबसप्पा खाटेवरून हसला. "माझ्या माइकच्या वायरीलाबी तीनच पिना, हिलाबी तीनच. वायरीवायरीत कसला फरक गं?"

"आहे अप्पा. माइकला तुमची कापाकापी चालून गेली. ह्यातनं आवाज आकडे होऊन धावतो. आकडा चुकला की आवाज मधूनच तुटणार."

"बरं बरं," तो म्हणाला. 'बरं बरं' म्हणणारा माणूस कधी ऐकत नसतो.

दुपारी चेतना सभागृह बघायला गेली आणि हा शहाणा बसला कटर घेऊन. हे मला मागाहून वहिनींनी सांगितलं. पोरीच्या पहिल्या कामात हूं यायला नको, असं म्हणत होता म्हणे. चारही वायरींची जाळी एका बाजूनं कापली आणि टोकं पहिल्यासारखी बंद केली. असल्या मायेपेक्षा आळस बरा.

स्पर्धेच्या सकाळी चाचणी झकास झाली, कारण रंगमंचाचे दिवे बंद होते. पहिली एकांकिका सुरू झाली, दिवे पेटले, त्यांची खरखर कापलेल्या जाळीतून आत शिरली, आणि कट्... कट्... मंचावरची बाई ऊर बडवत "आई गेली हो" म्हणते, आणि ऐकू येतं "आ— गे— हो". लोक फिदीफिदी हसले. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पडदा पाडावा लागला.

सभागृहाचे कार्यवाह नारायणराव तरातरा आले. ह्यांच्या घरचा टीव्हीसुद्धा सून लावून देते. पण बोलायला पुढं. "पोरीबाळींच्या हातात यंत्रं दिली की असंच व्हायचं!"

 चेतनानं मिक्सरकडून मंचाकडं जाणाऱ्या वायरीचं टोक उघडलं. जाळी कापून सुबक मागं दुमडलेली. दुसरी उघडली, तीही तशीच. मी समोरूनच पाहत होतो, तिला कळलं. असं कापणारा सोलापुरात एकच. पण ती बापाचं नाव न घेता डाखायचं यंत्र तापवायला लागली. "दहा मिनिटं द्या, काका."

"दहा मिनिटं कसली? उद्यापासून दुसरा माणूस आणतो." मग नारायणराव वळले पहिल्या रांगेकडं. तिथं आमचा गुरुबसप्पा इस्त्रीचं धोतर नेसून, पाहुण्यांचा गुलाब खिशाला लावून बसलेला. "अप्पा, तीस वर्षांचा अनुभव तुमचा. तुम्हीच सांगा. माल खोटा, की पोरगी कच्ची?"

मला वाटलं, म्हणणार 'माल खोटा'. आजवर जाळी कापून भागलं नाही की ह्याचं तेच उत्तर, आणि इथं तर ते आयतं हातात दिलेलं. सगळं सभागृह माना उंच करून बघतंय. गुरुबसप्पा उठला, पोरीकडं न बघता नारायणरावांना म्हणाला:

"मी कापलोय, साहेब. चारीबी वायरी, काल दुपारी, ती घरात नसताना. पोरगीचं काम बराबर हाय, मला त्यातलं काई कळत न्हाय. तिला दहा मिनटं द्या की."