पत्र्यावरचे कच्चे टाके

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी होते. लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांना गर्व एकाच गोष्टीचा होता. जन्मात त्यांनी कधी कच्चे टाके घातले नव्हते. "कच्चे टाके शिकाऊ घालतात," असं म्हणून ते मशीनला पाय लावत, आणि मशीन बिचारी ओढा उतारावरून वाहावा तशी या काठापासून त्या काठापर्यंत न थांबता वाहत जाई.

असा हा थोर पुरुष एके दिवशी पत्र्याच्या ट्रंकेसमोर उभा राहिला. ट्रंकेला तोंड असतं तर ती हसली असती.

ट्रंक त्यांच्या बायकोची. तिचे वडील पत्र्याचं काम करायचे, आणि त्यांच्या हातची तिच्याकडे उरलेली ही एकच वस्तू. तळ गंजून एका कडेने सुटला होता. शेजारचा वेल्डर म्हणाला होता, "वहिनी, आणून द्या, संध्याकाळपर्यंत जोडून देतो." पण घरात कलावंत असताना परक्याच्या दारी जायचं कोणी?

"जोडणं म्हणजे शेवटी शिवणंच," मास्तर म्हणाले. "पत्रा काय नि पॉपलीन काय."

"अहो, पॉपलीन शिवताना ठिणग्या उडत नाहीत."

"तू बघच."

"बघणारच आहे. आधी जुन्या डब्यांवर हात बसवा. आणि माझ्या बाबांची ट्रंक बिघडली, तर मी हसण्यावारी नेईन असं समजू नका."

ती हे आवाज न चढवता म्हणाली. म्हणूनच मास्तर जुने डबे शोधायला लागले.

कुठून तरी जुनी वेल्डिंग मशीन आली, काळ्या काचेचा मुखवटा आला, कोपरापर्यंतचे चामडी मोजे आले. एवढा साज चढवून मास्तर परसात बसले की लढाईला निघाल्यासारखे दिसत, आणि लढाई असे तेलाच्या रिकाम्या डब्याशी. रॉड टेकवला की ते सवयीने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ निघत. चार बोटं जाईपर्यंत पत्रा लाल होई, मग मऊ पडे, मग टपकन गळे आणि भोक पडे. मास्तर भोक बुजवायला जात, तर भोक आणखीच ऐसपैस पसरून बसे.

"चाळण्या होत्या की घरात दोन," बायको म्हणाली. "आता विकायला काढायच्यात का?"

शेवटी वेल्डरला राहवलं नाही. तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "मास्तर, करंट किती ठेवलाय? एवढ्यात पुलाचे खांब जोडून होतील. कमी करा. आणि एका दमात कुठे धावताय? पातळ पत्र्याला उष्णता झेपत नाही. इथे जरासं चिकटवा, थांबा. मग तिकडे लांब चिकटवा. पहिलं निवलं की मधलं भरा."

मास्तरांनी मुखवटा वर केला. "म्हणजे कच्चे टाके?"

"तुम्ही काय म्हणाल ते."

"ते शिकाऊ घालतात."

"मग तुम्ही कोण?"

मास्तर आत गेले आणि जेवताना भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा बोलले नाहीत. बायकोला वाटलं, तब्येत बिघडली.

पण दुसऱ्या दिवसापासून परसातला आवाज बदलला. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा एक चर्र, मग शांतता, मग दुसरीकडे चर्र. डबे गळायचे थांबले. एका सकाळी बायकोने स्वतः ट्रंक रिकामी करून बाहेर आणून ठेवली, आणि ठिणग्यांचा झगमगाट डोळ्यांना लागू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून कानांनी पहारा देत बसली.

मास्तरांनी गंज खरवडून पत्रा चकचकीत केला, नवी पट्टी बसवली आणि शिकाऊ पोरासारखे टाके घालत गेले. कड जुळली. शेवटचा कोपरा तेवढा राहिला, दोन बोटांचा. आता एवढ्यासाठी कोण थांबतो? मास्तरांच्या अंगात जुना ओढा खळाळला.

टप्.

बायको वळली. तिने ट्रंक उचलून उजेडाकडे धरली. बाकी सगळी कड अंधारी. कोपऱ्यात मात्र हरभऱ्याएवढा सूर्य.

"काज ठेवलंय," मास्तर हळूच म्हणाले.

"मग बटणही लावा. आणि थांबत थांबत."

मास्तरांनी पत्र्याची बटणाएवढी चकती शोधली, भोकावर ठेवली आणि एक टाका घालून चक्क हात बांधून बसले. मग दुसरा. मग पुन्हा बसले. इतका वेळ त्यांनी कुठल्या नवरदेवाच्या कोटालाही दिला नव्हता.

निवलेल्या कडेवरून बायकोने बोट फिरवलं. "ओबडधोबड आहे," ती म्हणाली. "बाबांनी नावं ठेवली असती." मग तिने घरातली सगळी पांघरुणं त्या ट्रंकेत भरली, झाकण लावलं आणि एक कडी धरली. दुसरी मास्तरांनी धरली. ट्रंक उचलली, तळ टिकला.

कलावंताने तळाखालून आपला पाय मात्र आधीच काढून घेतला होता.