आजीचे केस कोणी उतरवले

"नाही फिरवणार मी तुझ्या डोक्यावर मशीन. किती वेळा सांगू?" आई म्हणाली.

"उद्या मठात जन्मभराचं व्रत घेतेय मी. केस घरच्या माणसानेच उतरवून पाठवायचे, असा नियम आहे त्यांचा."

"मग बाबांना सांग."

"त्यांना स्वतःची दाढी धड करता येत नाही! तू दिवसभर या दुकानात परक्या बायकांच्या डोक्याला हात घालतेस, आणि पोटच्या पोरीची वेळ आली की हात गळतात?"

आईने कंगवा पाण्याच्या भांड्यात आपटला. सकाळपासून हेच चाललं होतं. दोन गिऱ्हाइकं दारातूनच आवाज ऐकून परत गेली होती. आणि ही महामाया गळ्याला कापड बांधून खुर्चीत ठाण मांडून बसलेली. भांडतही होती आरशातूनच.

"आजीने लढाई थांबावी म्हणून नवसाला केस दिले. जन्मभर परत वाढवले नाहीत. आणि तू?"

"दिले नाहीत गं बाई, काढले तिचे!"

आई बोलून गेली, आणि मग तिला थांबता येईना.

"आजोबा आघाडीवर. दुकान ती एकटी चालवायची. शत्रू शहरात शिरला, त्याचे शिपाई दाढीला येऊन बसायला लागले. नाही म्हणायची काय बिशाद! त्यावर मला जगवलं तिने. शत्रू गेला, तशी शत्रूची चाकरी केलीस म्हणत सगळी गल्ली तिला भादरायला दारात उभी राहिली. आजोबा नुकते परतलेले. म्हणाले, तिला कुणी हात लावायचा नाही, केस मीच उतरवतो. याच खुर्चीत बसवलं तिला."

"पण ती रोज प्रार्थनेला बसायची. डोळे मिटून, तासन्‌तास."

"गल्लीतली तोंडं दिसू नयेत म्हणून मिटायची! आम्ही त्याला प्रार्थना म्हटलं. तेवढंच चारचौघांत बरं दिसायचं."

एवढं ओकून टाकलं, तरी आईला हलकं काही वाटलं नाही. उलट अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या आईवर, बापावर, गल्लीवर, या हट्टी कार्टीवर.

कार्टीने आता मान वळवली.

"नवसाची गोष्ट मला सांगितली कोणी? केसांना तेल लावताना, दर वेळी? तूच ना? त्या गोष्टीचं बोट धरून निघाले मी देवाकडे. आता सांग, उद्या तिथे कोणापुढे हात जोडू?"

आईने मशीनची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग मशीन पोरीच्या मांडीवर ठेवलं, चपला पायात सरकवल्या आणि भर उन्हात दुकानाबाहेर चालती झाली.