सव्वीस व्हिडिओ आणि एक काचळी

"सव्वीसच्या सव्वीस हायेत भाऊ, मोजून घ्या," शांताताई म्हणाल्या.

मी मोजले. त्यांनी माझ्या दुकानात आणलेल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर, म्हणजे तो सुरू केल्यावर समोर येणाऱ्या पडद्यावर, सव्वीस चित्रं ओळीत बसली होती. शांताताई अंगणवाडी सेविका, त्यामुळे ओळ सरळ होती. मी नेटचा डोंगल उपसला आणि पहिल्या चित्रावर क्लिक केलं. काही लागलं नाही. दुसऱ्यावर केलं. तेही नाही.

"तुमी नेट काढलं, म्हनून."

"सेव्ह केलेल्या व्हिडिओले नेट लागत नाही, ताई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आत्ता सव्वीस व्हिडिओ खिशात घातले.

दारव्ह्याला बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे ही चूक मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असेल, तर ते घर नव्हे, घराचा पत्ता. त्याला शॉर्टकट म्हणतात. ताईंनी वर्षभर खपून सव्वीस पत्ते गोळा केले होते. घरं सगळी इंटरनेटवर होती, आणि रविवारी ती पाडली जाणार होती.

हे व्हिडिओ होते धनीबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बंजारा बाईचे. दूरच्या एका तांड्यावर बसून ती काचळी कशी करायची ते शिकवायची. काचळी म्हणजे बंजारा बायकांची आरसे जडवलेली, भरतकामाची, पाठ मोकळी असलेली चोळी. तिच्या नातवाने मोबाइलवर हे सगळं टिपून नेटवर टाकलं होतं. आता धनीबाई गेली होती. घरच्यांचं ठरलं की तेरवी झाली की व्हिडिओ काढून टाकायचे. गेलेल्या माणसाचा चेहरा कोणीही, केव्हाही, जेवता जेवता पाहावा, हे त्यांना पटत नव्हतं. मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

मी नातवाला फोन लावला. तो पुण्यात नोकरीला.

"घरी पाहाले ठेवा," तो म्हणाला. "पन कुठं टाकू नका. कोनाले पाठवू नका."

"नाही टाकत."

"शब्द द्या."

"दिला."

फोन ठेवला आणि मी ताईंना एक आगाऊ प्रश्न विचारला. "एवढं काय त्या काचळीचं? बाजारात तयार भेटत नाही का?"

शांताताई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं त्यावर विनोद करता येत नव्हता, आणि विनोद न करता गप्प बसणं मला फारसं जमत नाही.

मागे कापसाची काही वर्षं वाईट गेली. त्या वर्षांत तांड्यांवर फेरीवाले यायचे. जुनी काचळी, जुना फेटिया म्हणजे घागरा, विकत न्यायचे आणि कापून त्याच्या शहरात पिशव्या करायचे. शांताताईंच्या आईने, त्यांच्या याडीने, आपली लग्नातली काचळी तेव्हा दिली. आता ऐंशी ओलांडली, डोळे पार गेले, बाजेवरून उठणं कमी झालं, आणि ती रोज एकच विचारू लागली: मी जाईन तेव्हा काय घालून जाऊ? साडीत गेले तर वरचे लोक मला ओळखतील का?

"तुमच्या याडीनंच काहून नाही शिकवलं तुमाले?"

"विचारलं ना. म्हने, हाताले येत होतं, तोंडाले येत नाई. अन हात तर आता थरथरतात." मग त्या हळूच म्हणाल्या, "तिले सांगतलं नाई मी. कानात हेडफोन घालून शिकून राह्यली. पुरी झाली की एकदम हातात देन."

वीस व्हिडिओंपर्यंतचं काम झालं होतं. शेवटचे सहा, छातीवरच्या पट्टीचे, बाकी होते. तीच पट्टी सगळ्यात अवघड. तीच नसेल तर ती काचळी नाही, नुसता ब्लाउज.

त्या दिवशी गुरुवार होता. एकच व्हिडिओ नेटवर वेगवेगळ्या आकारात ठेवलेला असतो, हे इथे सांगायला हवं. मोठ्या आकारात चित्र स्वच्छ दिसतं, पण तो उतरवायला, म्हणजे डाउनलोड करायला, वेळ लागतो. लहान आकार पटकन उतरतो, चित्र मात्र धुरकट. माझ्या दुकानातलं नेट तेव्हा बैलगाडीच्या वेगाने चालायचं, आणि दुपारी लोडशेडिंगमध्ये बैलही सोडलेले असायचे. लाइट गेली की अर्धा उतरलेला व्हिडिओ वाया, पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारी संध्याकाळी पाहिलं तर दोन उतरले होते.

मग मी व्यावसायिक निर्णय घेतला. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. सगळ्यांसाठी सगळ्यात लहान आकार निवडला. शनिवारी रात्रीच्या आत सव्वीसही उतरले. मी एकेक लावून पाहिला, पडद्याच्या कोपऱ्यात, आगपेटीएवढ्या खिडकीत. म्हातारी दिसत होती, हात हलत होते, आवाज येत होता. मी स्वतःवर इतका खूश झालो की शेजारच्या टपरीवाल्याला बोलावून सव्वीस हा आकडा दाखवला. तो म्हणाला, "बरं." त्याला तेवढंच कळलं.

रविवारी नेटवरचे व्हिडिओ गेले. सोमवारी मी बोरी अरबच्या रस्त्यावरच्या त्यांच्या तांड्यावर गेलो.

"जयभीम, ताई."

"राम राम, भाऊ. या."

आत कॉम्प्युटर, बाहेर ओसरीत बाजेवर याडी. मी व्हिडिओ कॉपी केले, बाण नसलेले, खरे. एकविसावा लावला आणि पडदाभर मोठा केला. ताई हेडफोन लावून पुढे सरकल्या. मग आणखी सरकल्या. मग त्यांनी पदराने पडदा पुसला.

"भाऊ, टाका कुठं हाये?"

मीही पाहिलं. लाल कापडाच्या जागी लाल डाग होता. सुईच्या जागी काहीच नव्हतं. हे भरतकाम कापडाचे धागे मोजून करतात. किती धागे सोडून सुई खाली घालायची, यावर सगळं नक्षीकाम उभं असतं. आणि माझ्या चित्रात धागा तर सोडाच, बोटंही एकमेकांत मिसळली होती. मी कीर्तन उतरवावं तसं भरतकाम उतरवलं होतं.

"आता नेटवरून पुन्हा..."

"काल काढले ना त्यानं."

मी नातवाला फोन केला. मूळ रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये होतं आणि तो मोबाइल कधीच बदलला होता. "तुमी तर उतरवून घेतो म्हनले होते," तो म्हणाला. मी म्हणालो, हो, उतरवले.

कोणी शिव्या दिल्या की मला सोपं जातं. मी लगेच नाटक करतो, हात जोडतो, दोन विनोद करतो आणि वेळ मारून नेतो. शांताताईंनी मात्र अर्धी काचळी उचलली, घडी घातली आणि मांडीवर ठेवली. वीस व्हिडिओंचं काम त्या घडीत मावलं.

काहीतरी करायचं म्हणून मी उगाच वायरी चाचपू लागलो. कॉम्प्युटरवाला हरला की वायरी चाचपतो. हेडफोनची पिन माझ्या हाताने निघाली आणि आवाज स्पीकरमधून खोलीभर आला.

"एक... दी... तीन... चार... दी."

दी म्हणजे गोरबोलीत दोन. धनीबाई धागे मोजत होती.

बाहेरून बाज करकरली. याडीने गोरबोलीत काही विचारलं. मग तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"काय म्हणतात?"

"म्हनते, हे कोन पट्टी भरून राह्यलं?"

मी धनीबाईचं नावही सांगितलं नव्हतं, पट्टीचा शब्दही काढला नव्हता. नुसती मोजणी ऐकून ती ओळखत होती.

मी स्पीकर उचलले, वायर पुरेल तिथवर ओढले आणि उंबऱ्यावर ठेवले. व्हिडिओ पहिल्यापासून लावला. याडी मान तिरकी करून ऐकत राहिली. मग धनीबाईच्या बरोबरीने तिचे ओठ हलायला लागले. एक, दी, तीन, चार, दी. थरथरणारा उजवा हात गुडघ्यावर आला आणि पातळाच्या काठावर बोट चालू लागलं. पुढे चार, मागे दोन. पुढे चार, मागे दोन.

"चारवर सुई खाली," ताई पुटपुटल्या. "मंग दोन धागे मागं. मले वाटलं ते दी म्हंजे नवा टाका." त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग त्यांना आठवलं की गुपित फुटलं होतं.

घडी उलगडावी लागली. त्यांनी अर्धी काचळी याडीच्या मांडीवर ठेवली. म्हातारीने ती चाचपली. आरशांवरून अंगठा फिरवला, प्रत्येकाच्या कडेने, सावकाश. मी दुसरीकडे पाहत होतो. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. मग ती काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?"

ताईंनी डोळे पुसले. "म्हने, तिसरा आरसा ढिला हाये."

पुढचे दीड महिने ओसरीत असंच चाललं. धनीबाई स्पीकरमधून मोजायची, याडी तिच्यासोबत मोजायची, ताई टाके घालायच्या, आणि याडी बोटाने तपासून त्यातले निम्मे उसवायला लावायची. मी एकदा जाऊन आलो. पडदा बंद ठेवला होता. त्याची कोणाला गरज नव्हती.

काचळी झाली. याडी त्यानंतर दोन दिवाळ्या जगली. दोन्हींना ती घातली आणि दोन्हींना डावा खांदा काचतो म्हणून लेकीला सुनावलं. गेली तेव्हा त्याच काचळीत गेली. मी गेलो होतो. ऊन पडलं तसे सगळे आरसे एकदम चमकले, तिसराही. तो घट्ट होता.

व्हिडिओ मी कुठेही टाकले नाहीत. माझ्याकडची प्रत पुसून टाकली, ताईंकडची आहे.

दुकानात आता कोणी व्हिडिओ उतरवायला आलं, की नेटचा वेग पाहण्याआधी मी विचारतो, "पाहाचा हाये का आयकाचा?" गिऱ्हाइकं हसतात, म्हणतात, व्हिडिओ म्हंजे पाहाचाच असते ना भाऊ. मी हो म्हणतो आणि मोठ्या आकारात उतरवतो. वेळ लागतो. लागू द्यावा.