कारपूलच्या काकांनी पाहिलेले प्राणी

चूक उघडी पडली की माणूस थोडा तरी वरमतो, असा माझा समज होता. कारपूलच्या काकांनी तो पहिल्याच आठवड्यात मोडीत काढला. चुकल्यावर ज्याचा आत्मविश्वास वाढतो असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि माझं नशीब असं की अमेरिकेत चँडलर गावातली माझी पहिली काही वर्षं मी रोज सकाळी त्याच्याच शेजारच्या सीटवर बसून ऑफिसला गेलो. हे काका माझ्या नात्यातले नव्हेत. चिप बनवणाऱ्या आमच्या कंपनीत जी काही मराठी डोकी होती त्यांत ते वयानं सगळ्यात मोठे, मूळचे नागपूरचे. मी पुण्याहून नवा आलेला, हातात लायसन्स नाही, दारात गाडी नाही. ते मला घ्यायला यायचे. त्या बदल्यात मी काही द्यावं अशी त्यांची अपेक्षा नव्हती. फक्त त्यांनी बोट दाखवलं की मी तिकडे पाहायचं आणि "हो, दिसला" म्हणायचं.

कारण काकांना प्राणी दिसत. जिथे तुम्हाआम्हाला झुडूप दिसतं तिथे त्यांना कान हलताना दिसत. विजेच्या खांबावर काही बसलेलं दिसलं की आधी ब्रेक लागायचा आणि मग मागच्या गाड्यांचे हॉर्न. एकदा कालव्याच्या कडेला गाडी थांबवून त्यांनी मला पाण्यातला बीव्हर, म्हणजे मोठ्या घुशीसारखा एक पाणप्राणी, दाखवला. त्याची पाठ कशी चकाकते, तो श्वास कसा रोखून धरतो, हे सगळं समजावून सांगितलं. मला शंका आली म्हणून मी खाली उतरून जवळ जाऊन पाहिलं. ट्रकचं टायर होतं. वर येऊन तसं सांगितलं, तर काका गाडी सुरू करत म्हणाले, "आत्ता टायर आहे. मघाशी बीव्हर होता." ऑफिसात लंचच्या टेबलावर हा किस्सा सांगून मी पुष्कळ हशा मिळवला. काका स्वतःही हसले, पण टायर पाहिल्याबद्दल ते मला हसत होते.

दर वसंतात ते मेक्सिकोच्या सीमेजवळच्या एका रँचवर जायचे. टूसॉन शहर मागे टाकलं की उंच निवडुंग संपतात, पिवळं गवत लागतं आणि त्यापलीकडे ओकच्या झाडांनी भरलेल्या टेकड्या. तिथे एक वृद्ध बाई गाईगुरांचा मोठा कळप सांभाळून होत्या. नवरा गेल्यानंतर त्यांनी गुराख्यांची जुनी झोपायची खोली झाडूनपुसून पाहुण्यांसाठी मोकळी केली होती. रँच चालूच होतं, पाहुणे आपले बाजूला. ज्यांना हरणं, पक्षी, रानडुकरांसारखे दिसणारे हॅवेलिना पाहायचे असतील त्यांनी यावं, लोखंडी खाटेवर झोपावं, समोर येईल ते खावं. काकू एकदाही तिकडे फिरकल्या नाहीत. "शेणाचा वास घ्यायला मी सात समुद्र ओलांडून आले नाही," असं त्या मला चहा देताना म्हणाल्या, आणि त्या वर्षी काकांबरोबर जाण्याचा मान माझ्याकडे आला.

निघण्याआधी आठवडाभर कारमध्ये माझी तयारी करून घेतली गेली. सुगंधी साबण बंद. लाल जॅकेट घरी ठेवायचं. त्याऐवजी काकांनी मला आपला एक खाकी स्वेटर दिला. त्याला हिंग आणि डांबराच्या गोळ्या यांचा असा काही वास होता की कोणताही प्राणी तो ओलांडून माझ्यापर्यंत येईल असं वाटत नव्हतं. चिवड्याचा आवाज होतो म्हणून काकांनी चिवडा घरीच पाण्याचा हबका मारून मऊ करून डब्यात भरला होता. तो बिनआवाजी चिवडा मी त्या दोन दिवसांत खाल्ला, आणि त्यानंतर आजतागायत मला चिवड्याची मनापासून इच्छा झालेली नाही. सगळ्यांत कडक नियम म्हणजे बोलायचं नाही. तो फक्त मला लागू होता. काका स्वतः सतत कुजबुजत असत, आणि त्यांची कुजबुज समोरच्या टेकडीवर आपटून परत यायची.

रँचवाल्या बाई काकांना 'प्रोफेसर' म्हणत. काकांनी ती चूक कधी दुरुस्त केली नव्हती. शाकाहारी माणसाला गोमांसाच्या धंद्यावर जगणाऱ्या घरात काय मिळणार अशी मला धास्ती होती, पण बाईंनी काकांसाठी वेगळ्या पातेल्यात घेवड्याची उसळ करून ठेवली होती. गाईंबद्दल काकांचं मत मात्र बरं नव्हतं. "पाहून राहिला ना तू? नेमकी दुर्बिणीच्या समोर येऊन उभी राहते," असं ते प्रत्येक गाईबद्दल वैतागून म्हणायचे.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी बाई जरा गप्प होत्या. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं एक वासरू मेलेलं सापडलं होतं, अर्धं खाल्लेलं. पलीकडच्या रँचवाल्याकडे शिकारी कुत्रे होते. तो पहाडी सिंहांच्या, म्हणजे प्यूमांच्या, मागावर जाण्यात तरबेज. त्याला ही बातमी लागली होती आणि तो सकाळी येतो म्हणाला होता.

"तुम्ही त्याला बोलावलंत?" काकांनी विचारलं.

"त्याला बोलवावं लागत नाही," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास आम्ही तळ्यावर गेलो. पवनचक्कीनं उपसलेलं पाणी एका खोलगट जागेत साठायचं आणि गुरं तिथे प्यायला यायची. बाईंच्या नवऱ्यानं हयात असताना तिथे जुन्या फळ्यांचा एक आडोसा उभा केला होता. तो जमिनीवरच होता, पण काका त्याला मचाण म्हणत. आत बसल्या बसल्या त्यांनी मला एक लांडगा दाखवला. तो ओंडका होता. मग अस्वल. तो दुसरा ओंडका होता. मी "हो, दिसलं" म्हणत होतो आणि मनातल्या मनात सोमवारी लंचला सांगायचे किस्से जमवत होतो.

मग पलीकडच्या काठावरच्या गाई एकदम एकमेकींना चिकटल्या, वासरं मध्ये घेऊन. काकांची कुजबुज थांबली. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि ते मला कळलंही नव्हतं.

तो ओकच्या सावलीतून खाली उतरला. घाई नाही, लपणं नाही. डोकं जड, पाय आखूड, अंगावर काळी वलयं आणि वलयांच्या आत ठिपके. मी असा प्राणी फक्त प्राणिसंग्रहालयात पाहिला होता आणि तिथे तो इतका मोठा वाटला नव्हता. पाण्याशी येऊन त्यानं एकदा गाईंकडे पाहिलं, मग खाली वाकला आणि प्यायला लागला. जीभ पाण्याला लागल्याचा आवाज आम्हाला येत होता. पिऊन झाल्यावर त्यानं तोंड चाटलं, वळला आणि आला तसाच वर निघून गेला. अमेरिकेत जॅग्वार जवळजवळ उरलेले नाहीत, एखादा कधीतरी मेक्सिकोतून सीमा ओलांडून येतो, हे काकांनी मला कारमध्ये कितीतरी वेळा सांगितलं होतं. त्याच्याच आशेनं ते दर वर्षी इथे येत होते. त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

"फोटो?" मी विचारलं.

"आवाज झाला असता," काका म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बाप्पा." परत येताना वाटेत एका दगडावर ते बसून राहिले. बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी मुद्दाम डोंगराकडे पाहत होतो. मला वाटत होतं, आता हा माणूस घरात शिरताच आरोळी ठोकणार, सोमवारी सगळ्या बिल्डिंगला सांगणार, आणि या वेळी साक्षीदार म्हणून मी असणार. टायरचे, ओंडक्यांचे सगळे हिशेब एका झटक्यात फिटणार होते.

घरासमोर पिकअप उभा होता. मागच्या पिंजऱ्यात कुत्रे अधीर होऊन जाळीवर नखं घासत होते. शेजारचा रँचवाला पायरीवर कॉफी पीत बसला होता. तो काकांना ओळखत होता. कारण मागे एकदा काकांनी त्याच्याच कुत्र्याला लांडगा ठरवलं होतं.

"काय प्रोफेसर, पाण्यावर काही आलं होतं?" त्यानं विचारलं.

बाई दारात उभ्या होत्या. काकांनी त्या पिंजऱ्याकडे पाहिलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले.

मी काकांना इतक्या वर्षांत कधी 'मला माहीत नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. झोप लागली हे तर त्यांनी काकूंजवळही कधी कबूल केलं नसेल. रँचवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हरणं होती. आणि गाई." तो हसला. "हे सिंह पाहिला म्हणाले असते तर मी ससा समजलो असतो, पण झोपले होते हे मला पटतं." काकाही त्याच्याबरोबर हसले. कप खाली ठेवून तो उठला, खालच्या ओढ्याच्या बाजूला कुत्रे सोडून पाहतो म्हणाला आणि निघून गेला.

त्याचा पिकअप दिसेनासा झाल्यावर काका बाईंसमोर उभे राहिले. "मॅडम, मी खोटं बोललो. जॅग्वार होता. तुमचं वासरू त्यानंच मारलं असणार. नुकसान तुमचं आहे, त्याला सांगायचं की नाही हे ठरवायचा अधिकार माझा नव्हता. तुम्ही म्हणाल तर मी आत्ता जाऊन त्याला खरं सांगतो."

बाईंनी आमच्यासाठी कॉफी ओतली आणि त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं तरुणपणी एक पाहिला होता. आनंदाच्या भरात गावात जाऊन सांगून आला. पुढे त्या जॅग्वारचं कातडं एका गोठ्याच्या भिंतीवर ठोकलेलं त्यानंच पाहिलं. म्हणून त्यानं तो आडोसा बांधला. वाट पाहायला." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "वासरू माझं होतं. बाकीची घराजवळ आणू या, म्हणजे तो जाईल त्याच्या वाटेनं. तुम्ही दोघं चालू शकता ना?"

म्हणजे सुट्टीवर आलेले आम्ही दोघं चिप-इंजिनियर त्या दिवशी गुरं वळत होतो. बाई पुढे पिकअपमध्ये चाऱ्याच्या गोणी घेऊन हॉर्न वाजवत चालल्या होत्या, गाई त्या आवाजामागे, आणि गाईंच्या मागे धुळीत आम्ही. काकांनी डोक्याला पंचा गुंडाळला होता आणि ते एसटीच्या कंडक्टरच्या थाटात ओरडत होते, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे. ओ बाई, काहून अडून राहिल्या?" गाईंनी त्यांचं अजिबात ऐकलं नाही. त्या आपल्या गोणीकडे पाहून चालत होत्या. पण फाटक बंद झाल्यावर काकांचा चेहरा असा होता, जणू सगळा कळप त्यांनी एकट्यानं खांद्यावरून आणला होता. "ह्यांना मराठी बरोबर समजतं," ते मला म्हणाले, आणि तो खणखणीत स्वर ऐकून मला फार बरं वाटलं.

सोमवारी लंचच्या टेबलावर सगळे टपूनच बसले होते. "काय काका, या वेळी काय? डायनासोर?" एकानं विचारलं. मी काकांकडे पाहिलं. "ससे," काका डबा उघडत म्हणाले, "भरपूर ससे." टेबल हसलं. घरी परतताना मी त्यांना म्हणालो, "काका, तुम्हाला हे पोटात ठेवणं जमतं कसं?" "दुखतं रे पोटात," ते म्हणाले, आणि समोरच्या खांबावरच्या कावळ्याला ससाणा म्हणून पुढे निघाले. लंचच्या टेबलावर मी त्यांचे किस्से सांगायचं सोडून दिलं. कुणी सांगायला लागलं की मी ताट घेऊन उठायचो.

पुढे कंपनीत माणसं कमी झाली, काकांनी निवृत्ती घेतली आणि ते काकूंना घेऊन न्यू जर्सीला वेस्ट विंडसरमध्ये मुलीकडे राहायला गेले. रँचवाल्या बाई वारल्या. त्यांच्या पुतण्यानं जमीन विकली आणि ती आता कुणाच्या ताब्यात आहे ते मला ठाऊक नाही. म्हणूनच हे आज सांगतो आहे. त्या रानात ज्याच्यावर कुत्रे सोडावेत असं आता काही राहिलं नसेल.

मध्यंतरी काकांचा फोन आला. त्यांनी नेहमीप्रमाणे तब्येत, नोकरी, मुलं विचारली. मागे नातवंडं इंग्रजीत भांडत होती. मग ते थोडे घुटमळले.

"अरे, एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "ज्या गोष्टीबद्दल कुणाशी बोलता येत नाही ना, ती हळूहळू आपणच रचली असं वाटायला लागतं. तूच एक होतास तिथे. आपण पाहिला होता ना?"

"पाहिला होता, काका."

"वलयांच्या आत ठिपके होते?"

"होते."

मुलांचं भांडण ऐकू येईनासं झालं; काका दुसऱ्या खोलीत गेले असावेत.

"किती निवांत पाणी प्यायला रे तो," ते म्हणाले.