नालीतला कोळसा

झुलालनानांना लिहिता येत नव्हतं आणि मला लिहिण्यापलीकडे काही येत नव्हतं. १९८७ साली अमळनेरच्या एका तेल गिरणीत मी नवाकोरा इंजिनिअर, आणि ते पंचवीस वर्षं बॉयलर सांभाळणारे. आपला देश तेवढ्याच मालासाठी परदेशापेक्षा कितीतरी जास्त इंधन जाळतो, हे मी जेवणाच्या सुट्टीतही सगळ्यांना सुनवायचो. नाना भाकरी मोडत ऐकून घ्यायचे.

त्या हिवाळ्यात शेठ म्हणाले, "तेलाच्या एका डब्यामागे साडेसहा किलो कोळसा जळतोय. संक्रांतीपर्यंत सहाच्या आत आणा. नाहीतर एक बॉयलर बंद, अठरा माणसं घरी!" त्या अठरांत पहिलं नाव नानांचं होतं.

महिनाभर मी धूर तपासला, कोळसा चाळून घेतला, घड्याळ घेऊन नानांच्या डोक्यावर उभा राहिलो. काटा जागचा हलेना. शेवटी भडकून बोललो, "नाना, तुमच्याच हाताची गफलत आहे!" काय मस्ती होती हो माझी! नाना रागावले नाहीत. "चला साहेब," म्हणाले.

गिरणीच्या मागच्या भिंतीतून एक पाइप बाहेर यायचा. तेल तापवून झालं की वाफेचं जे कढत पाणी व्हायचं, ते त्यातून नालीकडे पडायचं. गल्लीतल्या बायका पहाटेपासून तिथे हंडे लावत. अंघोळी, धुणी, बाळंतिणीचं न्हाणं, सगळं त्याच पाण्यावर. बायकोच्या, भिकुबाईंच्या, सांगण्यावरून नानांनीच तो पाइप तिकडे काढला होता. त्या वाफेतून मी रोज सायकल दामटायचो, कर्म माझं!

नानांनी त्या पाण्यात बोट बुडवलं, मग बॉयलरला जाणाऱ्या गार पाण्यात. "हाई पानी नही, कोयसा शे साहेब. बठ्ठा नालीमा वाही ऱ्हायना."

सगळा कोळसा नालीत वाहून चालला होता. माझी चार वर्षांची पुस्तकं या माणसाच्या एका बोटात होती! कढत पाणीच बॉयलरला परत दिलं, तर कोळसा कमी लागणार. हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पाणी गल्लीच्या घरांत जात होतं, म्हणून नोकऱ्यांवर गदा येईपर्यंत ते वाया जातंय असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

पाइप त्यांनी स्वतःच वळवला. संक्रांतीला डब्यामागे कोळसा पाच किलो सहाशे ग्रॅम भरला. अठराही माणसं राहिली, शेठनी पेढे वाटले.

भिकुबाई मात्र रिकामा हंडा घेऊन फाटकाशी आल्या आणि सगळ्यांदेखत नवऱ्याला सरपणाचं विचारलं, "आते पानी तापाडाले पऱ्हाटी कोन आनी?"

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटली की नाना शेतांतून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, मोळ्या सायकलवर लादून आणू लागले. पहिली मोळी गल्लीतल्या बाळंतिणीच्या दारात, मग पुढची घरं.

आठवड्याने मी कोळशाचा तक्ता भरत होतो. नाना घामाघूम होऊन दाराशी थांबले.

"साहेब, हाई बी लिखी ल्या."

तक्त्यात पऱ्हाटीला रकानाच नव्हता. मी समासात लिहिलं : नऊ मोळ्या.